बॅटरीच्या मोटारीतला ‘रिजन ब्रेक’ : समजून वापरा, विसंबून राहू नका



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, सरीतले अंतर, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे, त्याला कारण घडले म्हणून. वणी भागात ऊस थोडा आणि कापूस फार. तरी या भागातल्या सभासदांच्या दारात आता बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. आमच्या शेतकी खात्यालाही प्लॉट पाहणीसाठी अशी एक गाडी मिळाली आहे. परवा गटाच्या बैठकीत उसाच्या नोंदीचे काम आटोपले आणि गाडीच्याच गोष्टी निघाल्या. एक भाऊ म्हणाले, “साहेब, उतारावर गाडी आपोआप चार्ज होते म्हणतात. मंग वीज फुकटच नाही का?” दुसऱ्यांनी विचारले, “पाय काढला की गाडी आपसूक थांबते, तर ब्रेक लागतेच कशाला?”

दोन्ही प्रश्न सरळ आहेत. पहिल्याचे उत्तर चुकीचे धरले तर फक्त हिशेब चुकतो. दुसऱ्याचे चुकीचे धरले तर माणूस दगावू शकतो. ही दुसरी चूक आमच्या हातून जवळजवळ झालीच होती. ती हकिगत पुढे सांगतोच. आधी या ब्रेकचे काम कसे चालते ते समजून घेऊ.

सायकलचा डायनामो आठवा

ज्यांनी डायनामोची सायकल चालवली आहे त्यांना ही गोष्ट समजायला अवघड नाही. अंधार पडला की आपण डायनामोची बाटली टायरला टेकवत असू. दिवा लागे, पण त्याच क्षणी पॅडल जड होई. दिव्यात जाणारी वीज आपल्याच पायांच्या जोरातून निघत होती. आता समजा दिव्याची तार तुटली. बाटली टायरवर फिरतच राहते, पण ओढ बरीच कमी होते. कारण वीज घेणारा दिवाच राहिला नाही. ही तुटक्या तारेची गोष्ट ध्यानात ठेवा, लेखाचे सारे मर्म तिच्यात आहे.

बॅटरीच्या मोटारीत चाकाला जोडलेली मोटर असते. बॅटरीतून वीज दिली की मोटर चाक फिरवते. अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीचा कंट्रोलर ही मांडणी उलटी करतो. मग गाडीच्या वेगाने चाक मोटरला फिरवते, मोटर वीज तयार करते आणि ती बॅटरीत जमा होते. वीज काढायला जोर लागतो, तो गाडीच्या वेगातून जातो. म्हणून गाडी मंदावते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. लोक सोयीने ‘रिजन’ म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू.

साध्या ब्रेकमध्ये काय होते? पॅड चकतीवर घासतात, चकती तापते आणि ती उष्णता वाऱ्यावर जाते. गाडीला वेग देण्यासाठी जे इंधन जाळले त्याची अशी राख होते. रिजनमध्ये त्यातला काही भाग परत घरात येतो. आपल्याकडे उसाच्या सरीतून वाहून जाणारे पाणी खालच्या बांधाला अडवून शेततळ्यात घेतात आणि पुन्हा उपसतात, तसेच हे.

कारखान्यातही हेच चालते

ही युक्ती मोटारीबरोबर नवी आली असे समजू नका. गाळप हंगामात कारखाना पाहायला आलात तर सेंट्रीफ्युगल मशीनपाशी जरा थांबा. साखरेचे दाणे आणि मळी एकत्र असलेले दाट मॅसेक्वीट जाळीच्या बास्केटमध्ये सोडतात. बास्केट मिनिटाला हजारावर फेरे घेते. मळी जाळीबाहेर फेकली जाते आणि दाणे आत राहतात. मग ती जड बास्केट मंद करून साखर खरवडून खाली पाडायची आणि पुन्हा भरायची. एका तासात असे वीसच्या आसपास फेरे होतात. म्हणजे तेवढ्या वेळा वेग द्यायचा आणि तेवढ्या वेळा तो काढून घ्यायचा.

निव्वळ घासणाऱ्या ब्रेकवर हे काम केले तर अस्तर झिजते आणि वीज उष्णतेत जाते. म्हणून अशा मशीनच्या मोटरलाच ब्रेकचे काम देतात. बास्केट मंदावताना मोटर वीज परत देते. ती शेजारी वेग घेत असलेल्या दुसऱ्या मशीनला किंवा कारखान्याच्या लाइनला मिळते. इथेही वीज घेणारा कोणी असला तरच हे जमते.

घाटातला ‘खेकडा’

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या जवळजवळ शंभर वर्षांची आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. पुढच्या चार-पाच वर्षांत विजेच्या तारा घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचल्या. बोर घाट आणि थळ घाट या दोन्ही ठिकाणी चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. रेल्वेच्या दृष्टीने हा चढ फार मोठा. मालगाडी वर ओढणे कठीण, त्याहून ती सांभाळून खाली आणणे कठीण. घासणारे ब्रेक तापून निकामी झाले तर पुढे दरी.

या घाटासाठी १९२८ पासून जी मालगाडीची इंजिने आली त्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. पुढे-मागे लांब नाकाडे आणि मध्ये खोली असा त्यांचा आकार होता. अशी एकूण ४१ इंजिने आली. घाट उतरताना मोटर उलट्या कामाला लावून वीज तारेत परत देण्याची सोय त्यांच्यात होती. उतरणाऱ्या गाडीची वीज त्याच तारेवर चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. मात्र अशा मार्गावर ती वीज घ्यायला चढणारी गाडी किंवा वीज परत घेणारे उपकेंद्र असावे लागते. घेणारा नसेल तर मोटरचा ब्रेक धरत नाही. म्हणून घाटात चालकाला दुसरा ब्रेक सतत तयार ठेवावा लागतो. मुंबईच्या लोकलमध्येही २००७ पासून आलेल्या नव्या गाड्या स्टेशनात थांबताना वीज तारेत परत देतात.

डायनामोला दिवा हवा, सेंट्रीफ्युगलला शेजारचे मशीन हवे, घाटातल्या गाडीला दुसरी गाडी हवी. मोटारीत हा घेणारा म्हणजे तिची बॅटरी. बॅटरी घ्यायला तयार असेल तरच रिजन ब्रेक धरतो. तिने नकार दिला तर धरत नाही किंवा अर्धामुर्धा धरतो.

आमच्या हातून घडले ते

आता आमची हकिगत. मागच्या जानेवारीतली गोष्ट. मुक्काम वणीला होता. गाडी रात्रभर चार्जिंगला लावली आणि पहाटे बॅटरी पूर्ण शंभर टक्के झाली. तोड लवकर सुरू व्हायची होती म्हणून पाच वाजताच मारेगाव रस्त्याला लागलो. चांगली थंडी होती, नाल्याच्या काठाने धुके होते. स्टेअरिंग आमच्याच हातात होते.

महिनाभर गाडी चालवून आमच्या पायाला एक खोड लागली होती. रिजन सर्वात वरच्या टप्प्यावर ठेवायचा आणि थांबायचे असले की नुसता पाय काढायचा. गाडी मुकाट्याने मंदावते. ब्रेकच्या पॅडलवर पाय क्वचितच जाई. दोन-चार जणांना आम्ही हे कौतुकाने सांगितलेही होते.

नाल्याच्या उतारावर लागलो, नेहमीप्रमाणे पाय काढला. गाडी मंदावेना. उलट उताराने ती किंचित वेगच घेऊ लागली. दोन क्षण तर काय होते आहे तेच समजले नाही. समोर धुक्यात काळा ढीग दिसला. पऱ्हाटी भरलेली बैलगाडी होती, मागे दिवा नाही की चमकती पट्टी नाही. आम्ही ब्रेकवर उभेच राहिलो म्हणा ना. गाडी थांबली तेव्हा पऱ्हाटीच्या काड्या बॉनेटला टेकल्या होत्या.

खाली उतरून गाडीवानदादांची माफी मागितली. साठीच्या पुढचे गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, मोटार मागं आली हे समजलंच नाही जी. आवाजच नाही तिले. बैल बुजले असते तं आमी नाल्यात असतो.”

आमचे हातपाय बराच वेळ कापत होते. सावकाश पाहिले तेव्हा समोरच्या पडद्यावर रिजन मर्यादित असल्याची खूण दिसली. ती घरून निघाल्यापासून तिथेच होती. भरलेल्या शेततळ्यात पाणी मावत नाही, तशी भरलेल्या बॅटरीत वीज मावत नाही. त्यातून बॅटरी थंड. गाडीने आपले काम नियमाप्रमाणेच केले होते. दोष आमच्या पायाच्या सवयीचा होता.

बॅटरी केव्हा नकार देते?

१. बॅटरी पूर्ण भरलेली असताना, शंभर टक्क्यांवर किंवा तिच्या जवळपास. जसजशी वीज खर्च होते तसा रिजन पुन्हा जोर धरतो. म्हणजे पहाटे ज्या उतारावर तो धरत नाही, त्याच उतारावर दुपारी चांगला धरेल.

२. बॅटरी फार थंड असताना. थंड बॅटरीत वेगाने वीज भरली तर तिचे नुकसान होते, म्हणून गाडी स्वतःच रिजन कमी करते.

३. बॅटरी किंवा मोटर फार तापलेली असताना. वणीचा मे महिना आपणांस सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या आसपास, गाडी उन्हात उभी आणि नुकतीच फास्ट चार्जरवरून काढलेली. अशा वेळी रिजन कमी मिळाला तर नवल मानू नका.

४. चाक घसरत असताना. रिजन बहुतेक गाड्यांत पुढच्या किंवा मागच्या एकाच जोडीच्या चाकांवर असतो. ओल्या रस्त्यावर चाक घसरू लागले की गाडीची यंत्रणा रिजन काढून घेते, मग क्षणभर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. घुग्घुस रस्त्यावर कोळशाची भुकटी आणि पहिला पाऊस, किंवा शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने डांबरावर टाकलेली काळी माती, अशा ठिकाणी हा अनुभव हमखास येतो.

५. वेग अगदी कमी झाल्यावर. पायी चालण्याच्या वेगाच्या आसपास बऱ्याच गाड्यांत रिजन संपतो आणि शेवटचे थांबणे ब्रेकच्या पॅडलनेच करावे लागते. काही गाड्या एका पॅडलवर पूर्ण थांबतात, पण उतारावर त्या भरवशावर गाडी सोडून उतरू नये. हँडब्रेक लावलाच पाहिजे.

याशिवाय एक साधा हिशेब पाहा. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने आहे. चांगला जोरदार रिजन दर सेकंदाला वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास कमी करतो असे धरू. त्या हिशेबाने गाडी थांबायला सुमारे ९० मीटर लागतील. त्याच गाडीला कोरड्या रस्त्यावर ब्रेकच्या पॅडलवर पूर्ण दाब दिला तर ती २० मीटरच्या आसपास थांबते. पाय हलवायला जातो तो एक सेकंद, म्हणजे आणखी सतरा मीटर, दोन्हींत धरावा लागेल. समोर अचानक जनावर आले, मूल आले, तर रिजनच्या भरवशावर राहणे म्हणजे नव्वद मीटरची लांबण लावणे. संकटात पाय पॅडलवरच गेला पाहिजे.

वीज फुकट आहे का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. माणसांसह गाडीचे वजन १५०० किलो धरू. ताशी ६० च्या वेगात तिच्या अंगात जी शक्ती असते ती सुमारे ०.०५८ युनिट भरते. चाकातून मोटरमध्ये, मोटरमधून कंट्रोलरमध्ये, तिथून बॅटरीत आणि पुन्हा बाहेर, अशा प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. शंभरातले साठ-सत्तर हाती लागले तर चांगले म्हणायचे. म्हणजे एकदा थांबल्यावर परत आले सुमारे ०.०३५ युनिट. अशी गाडी किलोमीटरला ०.१३ युनिट खाते असे धरले तर या परताव्यावर ती फार तर पाव किलोमीटर जाईल.

मोठ्या घाटाचा हिशेब करू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर खाली यावे लागते. १५०० किलोच्या गाडीला ही उंची सव्वादोन युनिटांच्या बरोबरीची आहे. त्यातले काही रस्त्याच्या आणि वाऱ्याच्या विरोधात जाते, काही गळतीत. शेवटी बॅटरीत एक युनिटाच्या आसपास जमा होते, म्हणजे सात-आठ किलोमीटरची सोय. पण घाट चढताना नेहमीपेक्षा अडीच युनिटांच्या वर जास्त गेले होते हे विसरू नका. गेलेल्यातले थोडे परत आले. कमाई त्यात नाही.

आपल्याकडे असा घाट नाही. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ४४५ मीटर उंचीवर आहे आणि वणी वर्धा नदीच्या खोऱ्यात त्याहून दोनशे मीटरच्या आसपास खाली. करंजी-मारेगावमार्गे येताना हा उतार शंभरावर किलोमीटरमध्ये पसरलेला आहे. दोनशे मीटरची किंमत पाऊण युनिटाहून थोडी जास्त. ती रिजनच्या वाटेने बॅटरीत येत नाही. गाडीला तेवढी कमी वीज लागते, एवढाच तो फायदा. परतीच्या प्रवासात बॅटरी जरा जास्त उरली की लोक म्हणतात रिजनने भरली. खरे कारण बहुधा उतार असतो.

चढताना रिकामे आणि उतरताना भरलेले असे काम असेल तरच रिजनची खरी चंगळ. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळच्या खाणीत एक बॅटरीवरचा डंपर आहे. रिकामा सुमारे ४५ टन, माल भरल्यावर शंभर टनांहून जास्त. खाण डोंगरावर आणि सिमेंटचा कारखाना खाली, म्हणून तो रिकामा चढतो आणि भरून उतरतो. उतरताना मिळणारी वीज त्याच्या चढण्याला पुरते. आता आपल्या वणीच्या उघड्या कोळसा खाणी पाहा. इथे डंपर रिकामा खाली जातो आणि कोळसा भरून वर येतो. अगदी उलटे. इथे तोच डंपर आणला तर त्याला रोज पोटभर चार्जिंग लागेल. यंत्र तेच, पण लाभ जमिनीच्या चढ-उतारावर ठरतो. उसाची जात एका गावाला फळते आणि दुसऱ्याला फळत नाही, तसेच हे.

म्हणून नियम असा की ब्रेकमध्ये वेग जाळण्यापेक्षा रिजन बरा, आणि रिजनपेक्षा वेग वाया न घालवणे बरे. रिजनने शंभरातले साठ-सत्तर परत येतात. वेग मुळात वाढवलाच नाही तर शंभरच्या शंभर आपल्याच गाठीला राहतात.

रस्त्याप्रमाणे वापर

गाड्यांची रचना सारखी नसते. टाटांच्या टियागो ईव्हीमध्ये (२०२२) रिजनचे ० ते ३ असे टप्पे आहेत. काही गाड्यांत स्टेअरिंगमागच्या पट्ट्यांनी टप्पा बदलतो. काहींत ब्रेकचे पॅडल हलके दाबले तरी आधी रिजनच काम करतो आणि जोराने दाबल्यावर पॅड लागतात. आपल्या गाडीचे पुस्तक एकदा वाचून घ्यावे, मुलाला वाचायला सांगून ऐकले तरी चालेल. सर्वसाधारण रीत अशी :

मोकळा सरळ रस्ता, म्हणजे वणी ते वरोरा किंवा करंजीपुढचा नागपूर-हैदराबाद हमरस्ता : टप्पा शून्य किंवा एक. गाडी स्वतःच्या वेगाने वाहू द्यावी. इथे वरचा टप्पा ठेवला तर पाय जरा हलला की गाडी हिसका खाते, पुन्हा वेग द्यावा लागतो, आणि या देवाण-घेवाणीत गळतीच होते.

गाव, बाजार, गतिरोधक : टप्पा दोन किंवा तीन. वणीत रंगनाथस्वामींची जत्रा भरते तेव्हा गर्दीतून गाडी काढायची असेल तर हा टप्पा उत्तम. गतिरोधक दिसल्यावर शंभर मीटर आधीच पाय काढावा. जवळ जाऊन करकचून थांबण्यात काही मिळत नाही.

लांब उतार किंवा घाट : वरचा टप्पा आधीपासून ठेवावा, म्हणजे पॅड तापत नाहीत. पण माथ्यावरच बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला निघू नये. वर मुक्काम असेल तर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे आणि परत येणाऱ्या विजेला जागा ठेवावी.

पाऊस, चिखल, कोळशाची भुकटी : टप्पा खाली आणावा, वेग कमी ठेवावा, पॅडल हलक्या पायाने वापरावे.

मागे उसाचा ट्रॅक्टर असताना : ही आमची खास विनंती आहे. दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर लवकर थांबत नाही. तुम्ही वरच्या टप्प्यावर नुसता पाय काढला तरी गाडी झपकन मंदावते. गाडी जोरात मंदावली तर मागचा लाल दिवा आपोआप लागावा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण हलक्या मंदावण्यात तो लागतोच असे नाही. मागच्या माणसाला इशारा जावा म्हणून पॅडलला हलका स्पर्श करावा. दिवा लागतो, त्याला वेळ मिळतो.

देखभाल

रिजनमुळे पॅड कमी झिजतात हे खरे. पण न वापरलेली चकती पावसाळ्यात गंजते आणि ऐन वेळी नीट धरत नाही. आठवड्यातून एकदा, मागे-पुढे कोणी नाही असे पाहून, टप्पा शून्यावर आणून पॅडलने चार-दोन वेळा चांगला ब्रेक मारावा. चकती घासून साफ होते आणि आपल्या पायाची सवयही टिकते. ब्रेक ऑइल मुदतीवर बदलावे. पॅड शाबूत आहेत म्हणून ऑइलही शाबूत असे नसते.

आणखी एक. गाडी बंद पडली की आपण ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतो. बॅटरीच्या गाडीला हे करू नका. मोटर चाकाला जोडलेलीच असते. गाडी ओढली की चाक फिरते, मोटर वीज तयार करू लागते आणि आतले भाग जळण्याचा धोका असतो. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. “ट्रॅक्टरने ओढून बॅटरी चार्ज करू” असा शहाणपणा काही तरुण मंडळी सुचवतात, त्यापासून दूर राहावे. त्यात डिझेल जाते आणि गाडीही जाते.

शंका-समाधान

शंका : रिजनने बॅटरी लवकर खराब होते का?
उत्तर : नाही. बॅटरी किती घेऊ शकते ते पाहूनच गाडी वीज आत सोडते. ती नकार देते तोही बॅटरी जपण्यासाठीच.

शंका : रोज शंभर टक्के चार्ज करावे की नाही?
उत्तर : गाडीच्या पुस्तकात जे सांगितले असेल ते पाळावे, कारण बॅटरीच्या जातीप्रमाणे ते बदलते. मात्र ज्या दिवशी शंभर टक्के केले त्या दिवशी पहिले काही किलोमीटर रिजन नाही असे समजूनच चालवावे.

शंका : घरातली मुले आणि म्हातारी माणसे गाडीत असताना मळमळते, ते कशाने?
उत्तर : वरच्या टप्प्यावर पाय वारंवार सोडला की गाडी झोके खाते. टप्पा खाली आणा आणि पाय हळू उचला.

शंका : एकच गाडी घरातले तिघे चालवतात. काय काळजी घ्यावी?
उत्तर : गाडी हातात घेणाऱ्याने निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरी किती भरली आहे, रिजन कोणत्या टप्प्यावर आहे, पडद्यावर मर्यादेची खूण आहे का. मग फाटकाबाहेर पडताच एकदा पॅडल दाबून ब्रेक धरतो हे पाहावे. बैल जुंपल्यावर जू आणि सापत्या तपासल्याशिवाय आपण गाडी हाकत नाही, तसेच इथे.

शेवटी दोन शब्द

त्या पहाटेनंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. खात्याची गाडी आता आम्ही नव्वद टक्क्यांवर थांबवतो आणि पाय पॅडलच्या जवळ ठेवतो. दुसरी गोष्ट बैलगाडीची. चूक आमची होती, पण त्या गाडीला मागे चमकती पट्टी असती तर ती आम्हाला आधी दिसली असती. तेव्हा ऊस, कापूस, पऱ्हाटी वाहणाऱ्या आपल्या प्रत्येक बैलगाडीला आणि ट्रॉलीला मागून लाल आणि पुढून पांढरी पट्टी लावून घ्यावी. थोड्या पैशांचे काम आहे. बॅटरीच्या गाड्या वाढत जाणार आणि त्यांचा आवाज येत नाही. गाडीवानाच्या कानावर पूर्वी जी भिस्त होती ती आता चालणार नाही. मोटारवाल्यानेही बैलगाडीजवळून जाताना वेग कमी करावा आणि लांबूनच हलका हॉर्न द्यावा, अगदी जवळ जाऊन देऊ नये.

नवे यंत्र वाईट नाही. ते आपली बरीच मेहनत वाचवते आणि वाया जाणारे थोडे परत देते. पण ते परत देताना घेणारा कोण आणि तो तयार आहे का, हे चालवणाऱ्याने पाहायचे असते. गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही गाडी घेऊन येणार आहोत. ज्यांना टप्पे बदलून पाहायचे असतील त्यांनी नोंदीचे कागद आटोपल्यावर मैदानात थांबावे. गाडीवान मंडळींनीही जरूर यावे, त्यांचे म्हणणे आम्हाला ऐकायचे आहे.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी